खुर्ची

नऊ हिवाळे कालवा नुसता ओलाच राहिला.
फ्रीसलंडमध्ये मुलं मोठी झाली ती
बर्फाच्या गोष्टी ऐकत, थोड्या संशयाने.
यंदा आठवडाभर वारा पूर्वेचा राहिला
आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी
बदकं पुलाखाली एका कोपऱ्यात उभी,
भाडं थकलेल्या बिऱ्हाडासारखी.

सीत्से, आमच्या गावचा बर्फाचा कारभारी,
गिरमिट घेऊन खाली उतरला.
अख्खं गाव कठड्याला टेकून. कुणी खोकेना.
त्याने भोकात पट्टी घातली, डोळे बारीक केले,
काढली, पुसली, उगाच पुन्हा घातली
(नऊ वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं)
आणि म्हणाला,
"बारा सेंटिमीटर. पुलाखाली मात्र चालत जा."

मग माळ्यांवरून काय काय उतरलं!
लाकडी स्केट्स, पुढे पात्याला वेटोळं घातलेल्या,
चामड्याचे पट्टे वाळून पापड झालेले.
आईचा छप्पन्न सालचा बाटलीहिरवा कोट.
हात दोन्हीकडून आत घालायची
तिची ती केसाळ लोकरी पिशवी,
तिच्यात डांबरगोळीचा वास
आणि एक बटण, या कोटाचं नव्हेच.
नीन्के म्हणाली, "आई, तू फोटोतून पळून आल्यासारखी दिसतेस."
म्हटलं, पळून नाही गं, विचारून आलेय.

बाबा खिडकीशी. एकोणनव्वद.
"माझं काय, मी इथूनच बघतो."
असं म्हणणाऱ्या माणसाने
सकाळपासून बूट घालून ठेवले होते.

म्हणून स्वयंपाकघरातली खुर्ची निघाली,
तीच, निळी,
जिच्या दांडीवर कुठल्याशा कुत्र्याचे दात आहेत.
पाच वर्षांची मी हिलाच धरून
बर्फावर उभी राहिले होते.
पाठ तेव्हा हनुवटीला लागायची.
बसलेलं कुणी नव्हतं. बाबा मागून ओरडायचे,
"रेलू नकोस! ढकल!"

आता बाबा बसले. दोन घोंगड्या,
पायांखाली भोकांची लाकडी पेटी, आत निखारे.
पहिल्या शंभर पावलांत ते मला फारच हलके वाटले.
ते मला आवडलं नाही.

वळणावर इत्स्ये आजी भेटली,
तीही खुर्चीत, मागे दोन दांडगे नातू.
तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे.
कुणी काही बोललं नाही,
आणि शर्यत सुरू झाली.
बाबा काठीने बर्फ बडवतायत, घोंगडी उडतेय,
गावचे पाद्री बाजूला उडी मारून थेट वेतात,
आजीची टोपी मागे राहिली तरी आजी पुढे!

आम्ही हरलो. दोष सारथ्याचा ठरला.

टपरीवर वाटाण्याचं सूप, चमचा उभा राहील असं,
मग बडीशेपेचं गरम दूध, जिभेला चटका.
इत्स्ये आजीने स्वतःच्या कपातलं अर्धं
बाबांच्या कपात ओतलं. जिंकणाऱ्यांचा थाट.

परतताना ऊन कलंडलं, पाय भरून आले,
आणि मला कळलंही नाही, मी जरा टेकले.
मान न वळवता बाबा म्हणाले,
"रेलू नकोस."
मी सरळ झाले.
थोड्या वेळाने, तशीच पाठ ठेवून,
"बरं, रेल थोडी."

रात्री झाडावर पत्र्याच्या चिमट्यांत खऱ्या मेणबत्त्या लावल्या,
मोजून अठरा, शेजारी पाण्याची बादली.
बादलीवर लक्ष ठेवायचं काम बाबांचं, पूर्वीपासून.
तिसऱ्या मेणबत्तीला ते घोरायला लागले.
बादलीपाशी मग मी बसले.
काचेच्या पक्ष्याची शेपटी उबेने हलत होती,
मधूनच छपरावरून काहीतरी ठिबकत होतं.
वारा फिरला होता.

सकाळी खुर्ची आपल्या जागी, टेबलाशी.
चार पायांखाली चार छोटी तळी.
नीन्के फडकं घेऊन आली.
बाबा म्हणाले, "राहू दे. वाळेल."